खोकला, चिठ्ठी आणि राखमानिनॉव

पत्रिकेत विषय छापलाय, ‘राखमानिनॉव: पियानोवादक की संगीतकार?’ उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे वेळ संपला तरी बोंब नको. हा रशियन माणूस संगीतकार होता. श्रोत्यांनी त्याचा पियानोवादक केला.

साल 1892. आपलं ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय निघायला अजून एक वर्ष अवकाश आहे. तिकडे मॉस्कोत 19 वर्षांचा हा पोरगा एक प्रेल्यूड, म्हणजे पियानोचा छोटासा तुकडा, लिहितो. पेटीवाल्यांनो, पट्टी काळी एक, म्हणजे तिकडची ‘सी शार्प’. सुरुवातीला तीनच स्वर, दणकून: कोमल धैवत, पंचम, आणि खाली षड्ज. मग शांतता. वाजवून बघा घरी, शेजारी दार ठोठावतील. हा तुकडा त्याने प्रकाशकाला 40 रूबलला विकला. रशियाचा परदेशांशी स्वामित्वहक्काचा करार नव्हता, त्यामुळे बाहेर ज्याला हवा त्याने छापला आणि याला दमडी मिळाली नाही. मिळालं काय, तर जन्मभराचा वन्समोअर. जिथे जाईल तिथे लोक ओरडायचे, ‘सी शार्प, सी शार्प!’ त्याला त्या तीन स्वरांचा वीट आला होता.

मला हे कळतं, कारण... हसू नका, तुमच्यातले काही तेव्हा हजर होते. पाचपाखाडीतला गणेशोत्सव. माझं एकल हार्मोनियम. दिवेलागणीची वेळ, म्हणून मी मारवा काढला. मारव्यात षड्जावर यायला उशीर लावायचा असतो, खरी गंमत तीच. मी वीस मिनिटं छान उशीर लावत बसलो. तेवढ्यात चिठ्ठी आली. औषधाच्या बिलाची पाठकोरी बाजू, निळी शाई, सुवाच्य अक्षर: ‘पेटी लागली असल्यास कार्यक्रम सुरू करावा.’

आता, पेटी लावावी लागत नाही हे मी कुणाला सांगू? मुकाट्याने एक नाट्यगीत घेतलं. दोन वन्समोअर, नारळ, शाल. तेव्हापासून ठाण्यात मी ‘त्या नाट्यगीताचे पेटीवाले काका’. मारवा परत या गावात काढला नाही. तर सांगत काय होतो... हां, खोकला.

1931 साली राखमानिनॉवने कोरेल्ली या जुन्या इटालियन संगीतकाराच्या नावावर खपणाऱ्या एका धूनेवर 20 व्हेरिएशन्स, म्हणजे त्याच धूनेची बदलती रूपं, लिहिली. मेट्नर या संगीतकार मित्राला पत्रात कळवतो की मी ते वाजवताना लोकांच्या खोकल्यावर लक्ष ठेवतो. खोकला वाढला की पुढचं व्हेरिएशन गाळायचं. एका लहान गावात लोक इतके खोकले, की 20 पैकी 10च वाजवली! न्यूयॉर्कात 18पर्यंत मजल गेली. आज तुमच्याकडे बघून मीही पान दोन पानं गाळलीच आहेत.

ही बघा, आली चिठ्ठी. ‘पाच मिनिटे.’ ठीक.

मग भरभर. 1917च्या क्रांतीनंतर त्याने रशिया सोडला, 1918च्या अखेरीस अमेरिकेत. वय पंचेचाळीस, संसार पाठीशी, तेव्हा पोटासाठी मैफली. सोडण्यापूर्वी 25 वर्षांत रचनांचे ओपस क्रमांक 39पर्यंत पोचले होते. पुढच्या 25 वर्षांत, 1943 मध्ये जाईपर्यंत, फक्त सहा. चाळीस ते पंचेचाळीस. बाकीचा वेळ आगगाडीत, हॉटेलांत आणि ‘सी शार्प’मध्ये गेला. माझं म्हणणं एवढ्याच हिशेबावर उभं आहे. ज्यांना वाटतं की मायदेश सुटल्यामुळे झरा आटला, त्यांच्याशी बाहेर चहावर भांडेन.

शेवटचं. 1897 साली पीटर्सबर्गला त्याची पहिली सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, सपशेल पडली. तो जिन्यात लपून बसला होता, त्यानंतर तीनेक वर्षं लेखणी जवळजवळ बंद. हयातीत ती परत वाजलीच नाही. पण 1940च्या ‘सिंफॉनिक डान्सेस’मध्ये, पहिल्या भागाच्या शेवटी, त्याच सिंफनीतली धून हळूच येते. सभागृहातल्या एकालाही ओळखू येण्याची शक्यता नव्हती. तिला वन्समोअर कोण देणार! त्याला एकट्याला माहीत होतं ते काय आहे.

हो हो, बसतो. माईक बंद करू नका, चहा कुठे आहे ते सांगायचं राहिलंय.