हिरकणी कक्ष ही सोय आहे, सक्ती नाही

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आज त्यावरच बोलते. "ताई, आता स्टँडवर बाळाला अंगावर पाजायला हिरकणी कक्ष असतात, मग बायका चारचौघांत कशाला पाजतात?"

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. पुढे जाऊ.

तान्हं बाळ दिवसात आठ ते बारा वेळा पितं. म्हणजे दर दोन-तीन तासांनी. घाटात गाडी अडकली आणि बाळ रडायला लागलं, तर कक्ष कुठून आणायचा? कक्ष ही सोय आहे. तिला हवं असेल तर ती जाईल. तिथेच जायला हवं, असा नियम नाही.

माझी लेक चार महिन्यांची होती. एका लग्नात मी कोपऱ्यात पाजायला बसले, तर एक मावशी म्हणाल्या, "अगं, आत जा ना." आत म्हणजे गाद्या रचलेली खोली, पंखा बंद, मे महिना. अंगावर ओढणी घेतली तर लेक ती मुठीत धरून खेचायची. घामाने तिचा गाल निसटायचा, तोंडातून सुटायचं, पुन्हा रडारड. मावशींचा हेतू वाईट नव्हता, पण मांडवात वाऱ्याला बसले असते तर दहा मिनिटांत पिऊन झोपली असती. मला आत जायचंच नव्हतं, एवढंच कोणी विचारलं नाही.

आणि कक्ष असला तरी तो कसा असतो? 2023 च्या अर्थसंकल्पीय अधिवेशनात देवळालीच्या आमदार सरोज अहिरे बाळाला घेऊन विधानभवनात आल्या. तिथल्या हिरकणी कक्षात धूळ होती. माध्यमांसमोर बोलताना त्यांना रडू आलं. आमदारबाईंची ही गत, तर बाकीच्यांनी कक्षाच्या भरवशावर घराबाहेर पडायचं कसं?

आता टीव्हीचं. मालिकेत डोहाळजेवण तीन-तीन भाग चालतं, बारसं आठवडाभर. पण आई बाळाला पाजतेय आणि शेजारी सासू भाजी निवडतेय, असा साधा प्रसंग मला तरी आठवत नाही. जे दिसतच नाही, ते समोर दिसलं की लोक टक लावून बघतात. मार्च 2018 मध्ये 'गृहलक्ष्मी' या मल्याळम मासिकाने मुखपृष्ठावर पाजणारी बाई छापली. टक लावून पाहू नका, आम्हाला पाजायचंय, असा मजकूर होता. गदारोळ झाला, अश्लीलतेची तक्रार केरळ उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने ती फेटाळली. न्यायालयाचं मला पटलं. मासिकाबद्दल मात्र एक रुखरुख आहे: मुखपृष्ठावरच्या गिलू जोसेफ स्वतः आई नव्हत्या. खरी, जागरणाने डोळे ओढलेली आई का नाही घेतली?

तशीच ती पाटी. पाजण्याच्या खोलीबाहेर पुष्कळदा दुधाच्या बाटलीचं चित्र असतं! आपल्याकडे 1992 च्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या डब्याची आणि बाटलीची जाहिरात करायला बंदी आहे, आणि खोलीच्या दारावर बाटली. आई आणि बाळाचं चिन्ह 2006 पासून उपलब्ध आहे. तेच लावा.

एका दादांनी लिहिलंय, "पण आम्हाला संकोच वाटतो." दादा, प्रामाणिकपणे सांगितलंत, बरं वाटलं. मान वळवा, बस. सर्वोच्च न्यायालयानेही 2025 मध्ये हेच सांगितलं की सार्वजनिक ठिकाणी पाजण्याकडे लाजिरवाणं म्हणून पाहू नये. तुमच्या संकोचासाठी तिने उठून जायचं नाही. कक्ष तिच्यासाठी बांधलाय, तुमच्या नजरेसाठी नाही.

आणि मदतच करायची असेल, तर खिडकीजवळची सीट द्या आणि पाणी विचारा. बाळ प्यायला लागलं की आईच्या घशाला लगेच कोरड पडते.