मळलेली वाट

नाशिक शहराच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगर उभा आहे. पहाटे त्याच्या पायऱ्या चढणाऱ्यांत शाळकरी मुले असतात, निवृत्त शिक्षक असतात, गुडघ्याला पट्टा बांधून आलेल्या आजीही असतात. ही मंडळी अर्ध्या तासाच्या आत पांडवलेण्यांपाशी पोहोचतात, कट्ट्यावर घटकाभर टेकतात आणि उतरू लागतात. येथे एकूण 24 लेणी आहेत. त्यांपैकी दहाव्या लेण्यात क्षत्रप, म्हणजे शक राजा, नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे आणि नाशिकच्या वाटांविषयी बोलायचे तर सुरुवात तेथूनच करायला हवी.

सुमारे 1900 वर्षांपूर्वीच्या या लेखात उषवदाताच्या दानांची नोंद आहे. भडोच, दशपुर म्हणजे आजचे मंदसौर, नाशिकजवळचे गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारा, येथे त्याने उतरण्यासाठी निवारे बांधले, विहिरी आणि तळी खोदली, तापी, दमण, डहाणुका अशा नद्यांवर विनामूल्य होड्या ठेवल्या आणि त्या नद्यांच्या दोन्ही काठांवर सभा व प्रपा उभारल्या. सभा म्हणजे बसण्या-विसाव्याचा मंडप आणि प्रपा म्हणजे पाणपोई. वाट असणे आणि त्या वाटेवर चालणाऱ्याची तहान भागणे, ही दोन्ही कामे त्या काळी एकाच पुण्याची मानली जात असावीत, असे हा लेख वाचताना वाटत राहते.

आता आपण त्र्यंबकच्या दिशेने निघू. समोर दिसणाऱ्या डोंगरांची ठेवण नीट पाहावी, कारण येथील प्रत्येक पायवाट त्या ठेवणीनेच ठरवली आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून हा काळा बेसाल्ट खडक तयार झाला. कठीण थर झिजताना उभे तुटले आणि त्यांचे कडे झाले; मऊ थर लवकर झिजले आणि तेथे गवताचे, झाडीचे पदर तयार झाले. म्हणून सह्याद्रीतली वाट थेट माथ्याकडे कधीच जात नाही. ती डोंगराच्या उतरत्या सोंडेवरून चढते, पदराने आडवी जाते, कड्याला कोठे नाळ, म्हणजे अरुंद घळ, किंवा खिंड फुटली आहे याचा शोध घेते आणि तेथूनच वरच्या टप्प्यावर शिरते.

अंजनेरीवर हे सारे एका चढाईत पाहायला मिळते. नाशिकपासून सुमारे 20 किलोमीटरवरचा हा डोंगर हनुमानाचे जन्मस्थान मानला जातो. पायथ्याच्या गावात प्राचीन मंदिरांचे भग्नावशेष विखुरले आहेत. पायऱ्यांची वाट एका नाळेतून वर चढते, तिच्या कातळात कोरलेली जैन शिल्पे दिसतात आणि नाळ संपताच एकदम मोकळे, विस्तीर्ण पठार समोर येते. पठारावर अंजनीमातेचे मंदिर आणि तळे आहे. तेथून आणखी एक टप्पा चढून माथा गाठता येतो.

या पठारावर पाऊल ठेवताना मात्र थांबून खाली पाहावे. कातळावरचा मातीचा थर येथे कित्येक ठिकाणी वीतभरही जाड नाही. पावसाळ्यात याच मातीतून गवत आणि रानफुले उगवतात आणि त्यांत सेरोपेजिया अंजनेरिका हे कंदिलाच्या आकाराचे फूलही असते. 2006 मध्ये ही वनस्पती नवी जाती म्हणून शास्त्रीय नोंदीत आली आणि या डोंगराचेच नाव तिला मिळाले. जमिनीखालच्या कंदाच्या आधाराने जगणारी ही नाजूक वनस्पती एका बुटाखाली किंवा सायकलच्या एका चाकाखाली नाहीशी होऊ शकते.

वाट कशी मोडते, हे समजून घेण्यासारखे आहे. उतारावरची जुनी वाट वळणे घेत उतरते, त्यामुळे पावसाच्या पाण्याला वेग मिळत नाही. घाईत असलेला कोणी दोन वळणांच्या मधून सरळ उतरतो, त्याच्या मागून दुसरा उतरतो, गवत मरते आणि पहिल्याच मोठ्या सरीत पाणी ती नवी, सरळ वाट धरते. चार पावसाळ्यांत तेथे घळ पडते, कारवीची मुळे उघडी होतात आणि माती ओढ्यात जाते. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. तिचे रान उतारावरून खचले, तर ते पुन्हा उभे राहायला किती काळ लागेल, याचा अंदाज यावरून करावा. नवख्यांना चकवणाऱ्या ढोरवाटाही असतात. गुरांना चाऱ्याकडे नेणारी अशी वाट झुडपांत शिरते आणि कड्याच्या टोकाशी अचानक संपते. शंका आली, की मागे फिरून मळलेली वाट शोधावी आणि गुराख्याला विचारण्यात कमीपणा मानू नये.

त्र्यंबकजवळच्या हरिहर गडाच्या उभ्या पायऱ्या आता सर्वांना ठाऊक झाल्या आहेत. त्या पायऱ्यांच्या कडेला हाताची पकड बसावी म्हणून खोबण्या कोरलेल्या आहेत. चढणाऱ्याचा हात कोठे जाईल, याचा विचार पाथरवटाने छिन्नी चालवतानाच केला होता. सुट्टीच्या दिवशी येथे फार गर्दी होते, म्हणून वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच वेळी पायऱ्यांवर येणार नाहीत, एवढे तरी सर्वांनी पाळावे.

सायकलस्वारांचा भूगोल थोडा वेगळा आहे. गंगापूर धरणाकडे जाणारा रस्ता, पुढे गिरणाऱ्याच्या द्राक्षबागा आणि त्र्यंबक रस्ता, या मार्गांवर पहाटे दिव्यांच्या रांगा दिसतात. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली, तेव्हापासून या शहरात सायकलीकडे पाहण्याची नजर बदलली. सपाट आणि निवांत रस्ता हवा असेल, तर निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर गाठावे. 2020 मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेली महाराष्ट्रातील ही पहिली पाणथळ जागा थंडीत पक्ष्यांनी भरून जाते. पावसाळी पठारांवर मात्र सायकल नेऊ नये. ओल्या मातीत उमटलेली चाकोरी पुढच्या सरीत पाण्याचा पाट होते.

आणि श्रावण येतो. 1,465 किलोमीटर वाहणाऱ्या गोदावरीचा उगम जेथे होतो, त्या ब्रह्मगिरीला तिसऱ्या सोमवारी लाखो माणसे फेरी घालतात. त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडावर स्नान करून रविवारी रात्रीच निघालेल्यांच्या रांगा भातखाचरांच्या बांधांवरून, चिखलातून, धुक्यातून पुढे सरकत राहतात. कित्येकांच्या पायांत चपला नसतात. पावसात भिजत, कंदिलाच्या किंवा बॅटरीच्या उजेडात, वाटेवरच्या गावांतली माणसे पिंप भरून पाणी आणि किटलीत चहा घेऊन उभी असतात आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाला 'माउली, थोडे घ्या' म्हणत थांबवतात.