१९८४ची तुकडी पहिली का?

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये, म्हणजेच एनबीएमध्ये, दरवर्षी नव्या खेळाडूंची जी निवड होते तिला ड्राफ्ट म्हणतात. आपल्याला आयपीएलचा लिलाव परिचयाचा आहे. तिथे बोली लागते आणि जो अधिक मोजतो त्याच्याकडे खेळाडू जातो. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघांनी आधी निवडायचे आणि बलाढ्य संघांनी शेवटी, म्हणजे दुबळ्यांनाही कधी तरी वर येता येईल, असा त्यामागचा विचार आहे. एका वर्षी निवडलेल्या खेळाडूंची एक तुकडी होते, आणि आपण जशी आपली दहावीची तुकडी विसरत नाही, तशी ही ओळख त्या खेळाडूंना शेवटपर्यंत चिकटून राहते. अशा सगळ्या तुकड्यांमध्ये सर्वांत मोठी कोणती, हा वाद तिकडे अनेक वर्षे चालू आहे, आणि त्यावरचे माझे मत आज मी आपल्यापुढे मांडणार आहे.

मोठ्या नावांची नुसती बेरीज करून हा निवाडा होत नाही, असे मला वाटते. मी एकच प्रश्न विचारतो: ती तुकडी भरात असताना विजेतेपदाची वाट तिच्याच दारावरून जात होती का, आणि गेली असेल तर किती वर्षे? या प्रश्नाचे जितके स्वच्छ उत्तर १९८४ची तुकडी देते, तितके दुसरी कोणतीही देत नाही.

त्या वर्षीची निवड १९ जून रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या आवारात झाली. पहिली पाळी कोणाची हे तेव्हा नाणेफेकीवर ठरत असे, आणि ती नाणेफेक ह्यूस्टन रॉकेट्सने पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्सविरुद्ध जिंकली होती. ह्यूस्टनने नायजेरियात जन्मलेल्या आणि ह्यूस्टनच्याच विद्यापीठात खेळलेल्या हकीम ओलाजुवॉनला घेतले. पोर्टलंडने केंटकी विद्यापीठाच्या सॅम बोवीला घेतले. तिसऱ्या पाळीला शिकागो बुल्सने नॉर्थ कॅरोलायनाच्या मायकेल जॉर्डनचे नाव पुकारले. चौथा सॅम पर्किन्स, पाचवा चार्ल्स बार्कली, आणि सोळाव्या क्रमांकावर गोंझागा या तेव्हा फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या विद्यापीठातला जॉन स्टॉक्टन, ज्याला युटा जॅझने घेतले.

बोवीच्या निवडीबद्दल आजवर इतकी टीका झाली आहे की त्याच्या बाजूने दोन शब्द बोलणे मला आवश्यक वाटते. पोर्टलंडकडे जॉर्डनच्याच जागी खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर आदल्याच वर्षी आलेला होता. उणीव होती ती उंच, मधल्या जागेवर खेळणाऱ्या खेळाडूची. त्या काळात उंच खेळाडूवाचून विजेतेपद मिळत नाही असे बहुतेक जाणकार मानत, आणि बोवी सात फुटांहून उंच होता, चांगला पास देणारा होता. मात्र नडगीच्या हाडाच्या दुखापतीने त्याचे महाविद्यालयातले दोन हंगाम आधीच वाया गेले होते, आणि पोर्टलंडमध्येही पायांनी त्याला साथ दिली नाही. गरज पाहून निवडायचे की गुण पाहून, हा पेच तिथे आजही सुटलेला नाही. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे ज्या संघाचे प्रमुख मालक आहेत, त्या सॅक्रामेंटो किंग्जने २०१८ साली दुसऱ्या पाळीला मार्विन बॅग्ली या उंच खेळाडूला घेतले आणि लुका डॉन्चिच तिसऱ्या क्रमांकावर गेला, तेव्हा जुन्या प्रेक्षकांना १९८४चीच आठवण झाली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९९१ ते १९९८ या आठ वर्षांत एनबीएची आठही विजेतेपदे याच तुकडीच्या दोन खेळाडूंच्या संघांनी मिळवली. १९९१, ९२ आणि ९३ ही तीन वर्षे जॉर्डनच्या शिकागोने जिंकली. जॉर्डन पहिल्यांदा निवृत्त झाल्यावर १९९४ आणि ९५ ही दोन वर्षे ओलाजुवॉनच्या ह्यूस्टनने जिंकली. आणि मग १९९६, ९७, ९८ ही तीन पुन्हा जॉर्डनने. एक गेला तर दुसरा उभा राहिला, पण मान तुकडीबाहेर गेला नाही. इतकेच नव्हे, तर जॉर्डनच्या सहाही अंतिम लढतींमध्ये समोरच्या संघात १९८४चा कोणी ना कोणी होताच. १९९१ मध्ये लेकर्सकडून पर्किन्स होता. तो जॉर्डनचा महाविद्यालयातला साथीदार, दोघांनी मिळून १९८२ साली नॉर्थ कॅरोलायनाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले होते, आणि त्या मालिकेतला लेकर्सचा एकमेव विजय पर्किन्सच्याच तीन गुणांच्या फेकीने झाला. १९९२ मध्ये पोर्टलंडकडून जेरोम कर्सी होता, ज्याची निवड ४६व्या क्रमांकावर झाली होती. १९९३ मध्ये फिनिक्सकडून बार्कली, आणि त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडूचा किताबही बार्कलीलाच मिळाला होता. १९९६ मध्ये सिअ‍ॅटलकडून पुन्हा पर्किन्स. १९९७ आणि ९८ मध्ये युटाकडून स्टॉक्टन.

स्टॉक्टनचे दोन क्षण मी चित्रफितीवर कितीतरी वेळा पाहिले आहेत, आणि या तुकडीची सगळी गोष्ट मला त्या दोन क्षणांत सापडते. पहिला मे १९९७चा. पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेतला सहावा सामना, मैदान ह्यूस्टनचे, गुण बरोबरीत, घड्याळात जेमतेम अडीच-तीन सेकंद. ह्यूस्टनच्या संघात तोवर ओलाजुवॉनच्या जोडीला बार्कलीही आला होता. बाजूच्या रेषेवरून चेंडू आत येतो, स्टॉक्टन मोकळा सापडतो, बार्कली हात उंचावून त्याच्याकडे झेपावतो, आणि त्याच्या हातावरून गेलेला चेंडू थेट जाळीत पडतो. एरवी चेहऱ्यावरची रेषही न हलू देणारा स्टॉक्टन त्या क्षणी लहान मुलासारखा उड्या मारताना दिसतो. जिंकून देणारा १९८४चा, अडवायला धावलेला १९८४चा, आणि हरलेल्या संघाचा आधारस्तंभही १९८४चाच.

दुसरा क्षण वर्षभरानंतरचा, १४ जून १९९८चा, सॉल्ट लेक सिटीतला. सामन्याची शेवटची ४२ सेकंदे उरलेली असताना स्टॉक्टन तीन गुणांची फेक साधतो आणि युटा ८६-८३ असे पुढे जाते. जॉर्डन लगेच दोन गुण परत मिळवतो. मग तो कार्ल मलोनच्या हातून चेंडू हिसकावतो, सावकाश पुढे येतो आणि ५.२ सेकंद बाकी असताना ती फेक करतो, जी बास्केटबॉल न पाहणाऱ्यांनीही कुठे ना कुठे पाहिलेली असते. ८७-८६. पण सामना तिथे संपलेला नव्हता. शेवटची फेक पुन्हा स्टॉक्टनच्याच हातात आली, आणि ती कडीला लागून बाहेर पडली. ती आत गेली असती तर मालिका सातव्या सामन्यात गेली असती. तिसऱ्या क्रमांकाने आणि सोळाव्या क्रमांकाने चौदा वर्षांनंतर एकमेकांसमोर उभे राहून विजेतेपदाचा फैसला करावा, असे दृश्य दुसऱ्या कोणत्याही तुकडीने दाखवलेले नाही. स्टॉक्टनला विजेतेपद कधीच मिळाले नाही. त्याच्या नावावरचे १५,८०६ असिस्ट, म्हणजे साथीदाराला गुण मिळवून देणारे पास, आणि ३,२६५ स्टील, म्हणजे प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेले चेंडू, हे दोन्ही विक्रम मात्र अजून कोणाला मोडता आलेले नाहीत.

त्या काळी निवडीच्या दहा फेऱ्या होत आणि १९८४ मध्ये २२८ नावे पुकारली गेली. १३१व्या क्रमांकावर न्यू जर्सी नेट्सने ब्राझीलच्या ऑस्कर श्मिटला घेतले. एनबीएत खेळणाऱ्याला त्या वेळी देशाच्या संघातून खेळता येत नसे, म्हणून ऑस्करने नकार दिला; तो एनबीएचा एकही सामना न खेळता पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, जाऊन बसला. दहाव्या फेरीत शिकागोने धावपटू कार्ल लुईसचेही नाव घेतले होते. पुढच्याच वर्षी नाणेफेक रद्द होऊन सोडत आली, कारण पहिली पाळी मिळावी म्हणून संघ मुद्दाम हरत असल्याचा संशय बळावला होता.

दुसरा क्रमांक मी १९९६ला देतो, आणि इथे माझे मत अनेकांशी जुळणार नाही हे मला ठाऊक आहे. या तुकडीत खोली आहे. पहिला अ‍ॅलन आयव्हर्सन, पाचवा रे अ‍ॅलन, तेरावा कोबी ब्रायंट, चौदावा पेजा स्टोयाकोविच, पंधरावा स्टीव्ह नॅश, सतरावा जर्मेन ओनील, चोविसावा डेरेक फिशर. आयव्हर्सन, नॅश आणि कोबी या तिघांनी मिळून सर्वोत्तम खेळाडूचा किताब चार वेळा मिळवला; त्यातले २००५ आणि २००६ हे दोन नॅशचे. फिनिक्सने नॅशचे नाव पुकारले तेव्हा त्यांच्याच प्रेक्षकांनी नापसंती दाखवली होती. सतरा वर्षांचा कोबी शाळेतून थेट आलेला. शार्लटने त्याला घेतले खरे, पण ते लेकर्ससाठीच, आणि बदल्यात लेकर्सने व्लादे दिवाच हा आपला अनुभवी सेंटर, म्हणजे मधल्या जागेवरचा उंच खेळाडू, देऊन टाकला. या एका अदलाबदलीतून लेकर्सच्या पदरात पुढे पाच विजेतेपदे पडली.

शिवाय बेन वॉलेस आहे. १९९६ मध्ये निवडीच्या दोनच फेऱ्या होत्या, ५८ नावे पुकारली गेली आणि त्यांत वॉलेसचे नाव नव्हते. पुढे तो चार वेळा सर्वोत्तम बचावपटू ठरला, २००४ साली त्याच्या डेट्रॉईटने कोबीच्या लेकर्सला हरवून विजेतेपद घेतले, आणि २०२१ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. ज्याची निवडच झाली नाही त्याला तुकडीत धरायचे कसे, असा आक्षेप घेतला जातो. माझे म्हणणे असे की १९८४सारख्या दहा फेऱ्या असत्या तर त्याचे नाव बहुधा कोणीतरी घेतलेच असते. फेऱ्या कमी झाल्या यात त्याचा काय दोष? मी त्याला तुकडीत धरतो.

२००३ला मी तिसऱ्या जागी ठेवतो, आणि तेही जड मनाने. लेब्रॉन जेम्स हा एकटाच एखाद्या तुकडीच्या तोडीचा आहे: चार विजेतेपदे, चार वेळा सर्वोत्तम खेळाडू, २०११ ते २०१८ अशी सलग आठ वर्षे अंतिम फेरीत, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये करीम अब्दुल-जब्बार यांचा ३८,३८७ गुणांचा विक्रम मागे टाकणारा. त्याच्यामागून कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड हे तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या क्रमांकावर आले. मध्ये दुसऱ्या क्रमांकावर डेट्रॉईटने सर्बियाच्या डार्को मिलिचिचला घेतले, जो कधी रुजलाच नाही. पहिल्या पाचांनंतर ही तुकडी एकदम उतरते. डेव्हिड वेस्ट, काइल कोर्व्हर, बोरिस डियॉ हे गुणी खेळाडू होते, परंतु नॅश किंवा रे अ‍ॅलन यांच्या पंगतीला बसणारे नव्हते. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. या तुकडीचे तीन मोठे खेळाडू एकमेकांविरुद्ध अंतिम फेरीत कधी उभे राहिलेच नाहीत. २०१० साली जेम्स आणि बॉश आपापले संघ सोडून वेडच्या मायामीत आले आणि तिघांनी एकत्र दोन विजेतेपदे मिळवली. त्यांना तो हक्क होता आणि त्यांनी तो वापरला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जॉर्डनला अंतिम फेरीत दर वेळी आपल्याच तुकडीतल्या कोणाला तरी ओलांडून जावे लागले, ही गोष्ट मला मोठी वाटते.

१९८५ आणि १९८७ या तुकड्याही तोलामोलाच्या आहेत. पहिलीत पॅट्रिक युइंग आणि कार्ल मलोन, दुसरीत डेव्हिड रॉबिन्सन, स्कॉटी पिपेन आणि रेजी मिलर. २००९ची तुकडी स्टीफन करी आणि जेम्स हार्डन यांच्यामुळे वर चढत गेली आहे. परंतु चौथ्या जागेसाठी मी फार मागे, १९६०कडे जातो. तेव्हा लीगमध्ये आठच संघ होते, म्हणून पुष्कळजण त्या तुकडीला मोजतच नाहीत. सिनसिनाटी रॉयल्सने स्थानिक विद्यापीठाच्या खेळाडूवरचा हक्क वापरून ऑस्कर रॉबर्टसनला घेतले, आणि त्याच्यामागून लेकर्सने जेरी वेस्टला. त्याच उन्हाळ्यात रोमच्या ऑलिंपिकमध्ये या दोघांनी मिळून अमेरिकेच्या सुवर्णविजेत्या संघाचे नेतृत्व केले. सहावा होता लेनी विल्कन्स, जो पुढे खेळाडू म्हणूनही आणि प्रशिक्षक म्हणूनही हॉल ऑफ फेममध्ये गेला. एनबीएच्या बोधचिन्हात चेंडू घेऊन धावणारी जी पांढरी आकृती दिसते, ती वेस्टच्याच छायाचित्रावरून घेतली, असे ते चिन्ह घडवणाऱ्या अ‍ॅलन सीगल यांनी सांगितले आहे. रॉबर्टसनने १९६१-६२च्या संपूर्ण हंगामात गुण, रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) आणि असिस्ट या तिन्हींची दर सामन्यातली सरासरी दहाच्या वर ठेवली: ३०.८, १२.५ आणि ११.४.

तरीही रॉबर्टसनचे सर्वांत मोठे काम मैदानाबाहेरचे आहे. खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष म्हणून १९७० साली त्याने एनबीएवर खटला भरला. खेळाडूला एकाच संघाला कायमचे बांधून ठेवणाऱ्या कराराविरुद्ध तो खटला होता, आणि ज्या ड्राफ्टमधून तो स्वतः आला होता त्या ड्राफ्टलाही त्याने त्यात आव्हान दिले होते. ड्राफ्ट टिकला, पण करार संपल्यावर दुसऱ्या संघात जाण्याची वाट त्या खटल्याच्या तडजोडीने मोकळी झाली, आणि २०१० साली जेम्स आणि बॉश मायामीला गेले ते त्याच वाटेने. ती तडजोड १९७६ मध्ये झाली. रॉबर्टसनला निवृत्त होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती.