उलटा कोट

श्रोतेहो, नमस्कार. आज वसिल्याबद्दल, म्हणजे अल्लाहकडे मागताना कुणाला मध्ये धरण्याबद्दल, बोलायचं आहे. पैगंबर साहेबांच्या वफातीनंतर, म्हणजे निधनानंतर, त्यांच्या वसिल्यानं दुआ मागावी का, आणि थेट त्यांनाच हाक मारून मदत मागावी का? निपाणी-चिकोडीकडच्या आमच्या घरांत हा वाद जेवता जेवताही निघतो. मी दर्ग्याच्या मुजावराचा नातू, त्यामुळे तो लहानपणापासून ऐकत आलोय.

1972 सालचा दुष्काळ. मी नऊ वर्षांचा होतो. तंबाखूचा तरवा वाफ्यातच करपला होता, विहिरींचे तळ दिसत होते. पावसासाठी नमाज पढायचं ठरलं. आता अडचण अशी, की देवबंदच्या मदरशात शिकून आलेले मौलवीसाहेब आणि आमचे आजोबा दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. "कबरीतल्या माणसाला हाक मारून मागू नका," असं मौलवीसाहेब एका जुम्म्याला बोलले होते, ते आजोबांच्या जिव्हारी लागलं होतं. घरातून दर्ग्याला गलेफ, म्हणजे कबरीवरची चादर, जायचा, मलिदा जायचा. मशिदीत मात्र आजोबा शेवटच्या सफेत, म्हणजे रांगेत, उभे राहायचे.

माळावर दोन रकात नमाज झाली. मौलवीसाहेब वळले आणि दुसरे खलिफा हजरत उमर यांची गोष्ट सांगू लागले. हिजरी 18 च्या सुमारास मदिनेकडे पाऊस नव्हता. हजरत उमरनी पैगंबरांचे चुलते हजरत अब्बास यांना पुढं केलं आणि म्हटलं, या अल्लाह, आधी आम्ही तुझ्या नबीचा वसिला घेत होतो, आता त्यांच्या चुलत्यांचा घेतो, पाऊस दे. एवढं सांगून मौलवीसाहेब शेवटच्या सफेपर्यंत चालत आले. "चाचा, वयानं तुम्ही मोठे. दुआ तुम्ही करा."

आजोबा पुढं गेले. पैगंबर साहेबांनी पावसाच्या दुआत अंगावरची चादर उलटी केली होती, म्हणून त्यांनी आपला काळा कोट काढला आणि उलटा करून घातला. अस्तराला आजीनं लावलेली ठिगळं सगळ्या गावाला दिसली. हात वर केले आणि म्हणाले, "या अल्लाह, तुझ्या हबीबच्या सदक्यानं पाऊस दे."

मी मौलवीसाहेबांच्या कोपराला लागून उभा होतो. ते म्हणाले, "आमीन." मोठ्यानं म्हणाले.

त्या आमीनचा अर्थ मला फार उशिरा कळला. हाक अल्लाहला होती, श्रोतेहो. हाक अल्लाहला, वसिला हबीबचा, म्हणजे नबींचा. देवबंदच्या उलेमांना, म्हणजे धर्मपंडितांना, एवढं मान्य आहे. त्यांची हरकत आहे ती नबींना किंवा वलींना, म्हणजे संतांना, हाक मारून मदत मागण्याला. दर्गे मानणारे बरेलवी म्हणतात, ती मदतही अल्लाहच्याच परवानगीनं मिळते, मग हरकत कसली? अहले हदीस या तिसऱ्या पंथाला वफातीनंतरचा वसिलाही मंजूर नाही. हयात माणसाला दुआ करायला सांगणं आणि कयामतच्या दिवशीची शफाअत, म्हणजे नबींनी केलेली शिफारस, याबद्दल मात्र तिघांचंही दुमत नाही.

आणि ही हजरत उमरचीच हदीस, म्हणजे परंपरेनं आलेली ही गोष्ट, दोन्ही बाजू पुढं करतात. दमास्कसचे विद्वान इब्न तैमिया, 1328 मध्ये वारले, त्यांचं म्हणणं: नबींचा रौजा, म्हणजे कबर, जवळ असताना उमर अब्बासांकडे गेले, म्हणजे वसिला हयात माणसाच्या दुआचा असतो. त्यांच्यानंतरच्या पिढीतले तकीउद्दीन सुबकी नबींच्या वसिल्याच्या बाजूनं उभे राहिले. त्या बाजूचे म्हणतात, अब्बासांना मान मिळाला तो नबींचे चुलते म्हणूनच ना? सातशे वर्षं हे चाललंय. एवढ्या जुन्या, विद्वानांच्या वादावरून आमची पोरं एकमेकांना मुशरिक (अल्लाहला भागीदार जोडणारा) आणि गुस्ताख (नबींचा अपमान करणारा) म्हणतात, सोयरिकी मोडतात, याचं मला फार दुःख होतं.

पाऊस त्या दिवशी आला नाही. घरी आल्यावर आजीनं कोट सुलटा करायला हात पुढं केला. आजोबा म्हणाले, "राहू दे. पाऊस येईपर्यंत असाच घालीन."