या तारल्या कुठल्या घरच्या?

पुण्यात समुद्र नाही पण मासे खाणारे भरपूर, आणि गणेश पेठेतल्या मासळी बाजारात सकाळी बर्फातनं जी मासळी उतरते त्यातल्या दोघी आज जरा जवळून बघूया, तारली आणि मांदेली. तारलीच्या पोटावरनं शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवा, करवतीसारखं लागतं, ते कडक खवले आहेत. मांदेली सोनेरी, शेपटीकडे निमुळती होत गेलेली, आणि तिचं तोंड उघडलं तर जबडा पार डोळ्याच्या मागे जातो. तारली म्हणजे सार्डिन, मांदेली अँचोव्हीच्या कुळातली.

आता एका वाट्यातल्या सगळ्या तारल्या एकाच कळपातल्या का, हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. त्यासाठी माशाच्या पराचा (पोहण्याच्या पंखाचा) छोटा तुकडा कापून अल्कोहोलमध्ये ठेवायचा आणि लॅबमध्ये डीएनए वाचायचा.

तो वाचला की पहिला धक्का बसतो. इतके अब्जावधी मासे, तर वंशावळही तशीच जुनी असेल असं वाटतं ना? ग्रँट आणि बोवेन या शास्त्रज्ञांनी 1998 मध्ये दाखवलं की जपान, कॅलिफोर्निया, चिली, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका इथल्या सार्डिनचं घराणं कोट्यवधी वर्षांचं आहे, पण आज जिवंत असलेल्या माशांच्या मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतला ऊर्जा देणारा भाग) डीएनएतल्या शाखा पाच लाख वर्षांच्या आतल्या आहेत. म्हणजे हे मासे मधेमधे प्रचंड घटतात, कधी एखाद्या किनाऱ्यावरनं संपतातही, आणि उरलेल्या थोडक्यांपासून पुन्हा समुद्र भरतो. कॅलिफोर्नियाजवळ सांता बार्बराच्या खोल तळाशी ऑक्सिजन जवळजवळ नसतो, त्यामुळे चिखलात पडलेले खवले थरावर थर टिकून राहिलेत, आणि त्यात सुमारे 1700 वर्षांचा हिशोब सापडतो, सार्डिन वाढतेय, गायब होतेय, परत येतेय, मोठ्या बोटी यायच्या कितीतरी आधीपासून.

पण मला सगळ्यात भिडते ती दक्षिण आफ्रिकेची गोष्ट. तिथे हिवाळ्यात, मे ते जुलैच्या सुमारास, लाखो सार्डिन पूर्व किनाऱ्याने वर क्वाझुलू-नाताळकडे निघतात आणि मागोमाग डॉल्फिन, शार्क, वरनं गॅनेट पक्षी सूर मारतायत, बघून अंगावर काटा येतो. बऱ्याच जणांना वाटायचं हा पूर्वेकडचा वेगळा कळप असणार, गरम पाण्यात अंडी घालायला निघालेला. 2021 मध्ये जीनोमवरनं, म्हणजे माशाच्या सगळ्या डीएनएवरनं, कळलं की यातले बहुतेक मासे अटलांटिक बाजूचे आहेत, थंड पाण्याला सरावलेले! किनाऱ्यालगत तात्पुरता थंड पाण्याचा पट्टा तयार होतो, त्या थंडाव्याच्या मागे ते जातात, एका बाजूला जमीन आणि दुसऱ्या बाजूला गरम अगुल्हास प्रवाह, आणि पट्टा संपला की गरम पाण्यात अडकतात. एवढा मोठा प्रवास आणि त्यांच्या हाती काहीच लागत नाही.

कॅलिफोर्नियात वेगळंच झालं. तिथल्याच सार्डिनमधले कळप ओळखायला म्हणून जीनोम वाचत होते, आणि 2022 च्या नमुन्यांत चक्क जपानी सार्डिन निघाल्या, पॅसिफिक ओलांडून आलेल्या. दिसायला इतक्या सारख्या की जाळ्यात कुणाच्या लक्षात येणं शक्यच नव्हतं. आता किती मासे आहेत, किती पकडायचे, हा हिशोब करताना दोघींना वेगळं मोजावं लागणार.

आणि आपली तारली? केरळात 2012 मध्ये सुमारे 4 लाख टन मिळाली होती, 2021 मध्ये जेमतेम साडेतीन हजार टनांच्या आसपास. हे असं घसरणं या माशाच्या स्वभावात आहे हे खरं, पण पकडलेली पिल्लं आणि बदलतं पाणी याचंही ओझं त्यावर आहे, आणि ते मला दुर्लक्ष करण्यासारखं वाटत नाही. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने 2023 मध्ये तारलीचा पूर्ण जीनोम वाचून काढला, डीएनएच्या शंभर कोटींहून जास्त अक्षरांचा. त्याच्या मदतीने आता नेमके प्रश्न विचारता येतील, केरळातली पिल्लं कोकणापर्यंत पोचतात का, ओमानकडच्या तारल्या आपल्यात मिसळतात का, गरम होत चाललेल्या पाण्यात कुठले जीन टिकून राहतायत. कारण एका राज्यात मासेमारी थांबवायची आणि दुसऱ्यात तोच कळप उपसायचा, असं होत असेल तर त्या बंदीतनं समुद्रात मासे वाढणार कसे?