बरगडीला प्लास्टर का घालत नाहीत?

नमस्कार मंडळी. बरगडी मोडलेला पेशंट दवाखान्यातून घरी येतो तेव्हा त्याच्यापेक्षा नातेवाईकच जास्त चिडलेले असतात. हात मोडला की प्लास्टर, पाय मोडला की प्लास्टर, आणि इथे नुसत्या गोळ्या देऊन बोळवण! पूर्वी डॉक्टर छातीला रुंद चिकटपट्टी गच्च गुंडाळत असत. ती पद्धत आता सोडून दिली आहे. का सोडली, हे समजायचं तर बरगडी हलते कशी ते आधी पाहावं लागेल.

बरगड्यांच्या १२ जोड्या. प्रत्येक बरगडी मागे मणक्याला जोडलेली, आणि तीही बहुतेकींच्या बाबतीत दोन जागी. बरगडीचं डोकं दोन शेजारच्या मणक्यांच्या मधोमध टेकतं. तिथून जरा बाहेर, बरगडीवरचा उंचवटा मणक्याच्या आडव्या फाट्याला टेकतो. या दोन सांध्यांतून जाणारी रेषा म्हणजे बरगडीचा आस. वरच्या बरगड्यांत हा आस जास्त आडवा असतो, म्हणून श्वास घेताना त्यांचं पुढचं टोक उरोस्थीसकट (छातीच्या मधोमधचं चपटं हाड) वर उचललं जातं, हापशाच्या दांड्यासारखं. खालच्या बरगड्यांत आस मागेपुढे झुकलेला असतो, म्हणून त्या बाजूला फाकतात, बादलीची कडी उचलावी तशा. या दोन्ही उपमा माझ्या नाहीत, वैद्यकाच्या पुस्तकांतल्याच आहेत. आता स्वतःचे तळहात फासळ्यांच्या खालच्या भागावर ठेवा आणि दीर्घ श्वास घ्या. हात बाहेर सरकले ना? झालं.

मिनिटाला १५ श्वास धरले तरी दिवसाचे २१,६०० होतात. झोपेतसुद्धा या सांध्यांना सुट्टी नाही.

आता पट्टा गच्च बांधला की काय होतं? दुखणं कमी वाटतं, पण श्वास उथळ होतो, खोकला दाबला जातो, फुफ्फुसाच्या तळाशी कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. साठी ओलांडलेल्यांत तर मोडलेल्या हाडापेक्षा या न्यूमोनियाचीच धास्ती जास्त. म्हणून गोळ्या 'नुसत्या' नसतात. पेशंटला खोल श्वास घेता यावा, खोकता यावं, यासाठीच त्या असतात. खोकताना छातीशी उशी घट्ट धरा, बराच फरक पडतो. साधी मोडलेली बरगडी साधारण ६ आठवड्यांत जुळते. लागोपाठ तीन किंवा अधिक बरगड्या प्रत्येकी दोन जागी मोडल्या, तर मात्र तो तुकडा सुटा होऊन श्वास घेताना आत ओढला जातो. ते प्रकरण गंभीर, तिथे रुग्णालयच हवं. काही वेळा शस्त्रक्रियेने हाडावर धातूच्या पट्ट्याही बसवतात. खालच्या बरगड्या मोडल्या तर डावीकडे प्लीहा आणि उजवीकडे यकृत तपासायला विसरू नये.

मार न लागताही बरगडी छळते. पुढे, जिथे हाड आणि कूर्चा (हाडाच्या टोकाचा लवचीक भाग) जुळतात, तिथे दुखतं. बोट ठेवलं की पेशंट नेमकी जागा दाखवतो. बहुधा दुसरी ते पाचवी बरगडी. सूज नसेल तर कॉस्टोकॉन्ड्रायटिस. सूज दिसत असेल तर टीट्झे सिंड्रोम. अलेक्झांडर टीट्झे या जर्मन शल्यचिकित्सकाने १९२१मध्ये त्याचं वर्णन केलं. दोन्ही त्रासदायक, पण जिवावरचे नव्हेत. मात्र एक गोष्ट ठणकावून सांगतो: दाबल्यावर दुखतंय म्हणजे हृदयाचं नाही, असं घरी बसून ठरवू नका. छातीत दुखलं, घाम फुटला, धाप लागली, तर आधी ईसीजी. "गॅस असेल" हे वाक्य आपल्याकडे फार महाग पडलेलं आहे.

सगळ्यांत जास्त हेलपाटे घालायला लावते ती घसरणारी बरगडी. आठवी, नववी, दहावी बरगडी थेट उरोस्थीला पोचत नाही, वरच्या कूर्चेला धरून राहते. ती पकड सैल झाली की टोक वर सरकून नसेला टोचतं. वाकताना, कूस बदलताना अचानक कळ येते. दुखतं पोटाच्या वरच्या भागात, त्यामुळे सोनोग्राफी होते, एंडोस्कोपी होते, सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि माणूस "मनाचे खेळ" हा शिक्का घेऊन परततो. तपासणी खरं तर हाताचीच: बरगडीच्या कडेखाली बोटं अडकवून पुढे ओढायचं; तीच ओळखीची कळ आली की संशय बळावतो.

पाठीत उसण भरली की बरगडी "बसवून" घेणाऱ्यांबद्दल तुमच्यापैकी एकाची चिठ्ठी आली आहे. तरुण, धडधाकट माणसाला हलक्या हाताच्या उपचाराने आराम पडू शकतो. पण हाडं ठिसूळ झालेल्या आजींच्या पाठीवर कुणी गुडघा देऊन झटका मारला, तर उसण राहील बाजूला आणि बरगडी मोडेल.

शेवटची चिठ्ठी: पंचविशीतल्या मुलाची पाठ पहाटे आखडते, चाललं-फिरलं की मोकळी होते. याची छाती टेपने मोजायला हवी. स्तनाग्रांच्या रेषेत टेप लावून पूर्ण श्वास सोडल्यावर एकदा आणि पूर्ण भरल्यावर एकदा मोजा. तरुणात साधारण ५ सेंटीमीटरचा फरक पडतो. तो अडीचच्या खाली असेल, तर बरगडीचे मागचे सांधे आखडत चालले असण्याची शक्यता आहे; अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या मणके आखडवणाऱ्या संधिवातात असं होतं. पण फरक नीट भरला म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण या आजारात सुरुवातीला छाती चांगली फुगते. पहाटेचं आखडणं तीन महिन्यांहून जास्त टिकलं असेल, तर त्याला संधिवाततज्ज्ञाकडे न्याच.