फेरी लागेपर्यंत

(दृश्य: सकाळ. चोडणचा धक्का. फेरीबोटीत स्कूटर चढताहेत.)

चोडणहून पणजीला कामावर जाणाऱ्यांची सकाळ फेरीबोटीत सुरू होते. रायबंदर येईपर्यंत कुणी पेपर चाळतं, कुणी डुलकी काढतं. मी वेबकॉमिक, म्हणजे इंटरनेटवर पानापानाने येणारी चित्रकथा, वाचतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार, असे माझे वार ठरलेले. सोमवारी घरी शिवराक, म्हणजे शाकाहारी; बुधवारी-शुक्रवारी हुमण, माशांची आमटी. नवं पान मात्र तिन्ही दिवशी.

ओढ तशी जुनीच. १९९१ साली ‘सकाळ’मध्ये चिंटू आला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या त्या पोराला भेटल्याशिवाय आमच्या घरी कुणी बातम्यांकडे वळत नसे. पण पेपर महिनाअखेरीला रद्दीत जायचा. वेबकॉमिकचं तसं नाही. पहिल्या दिवसाचं पान आजच्या पानाइतकंच हाताशी असतं, आणि मला वाटतं, या छंदाची खरी गोडी तिथेच आहे.

(दृश्य: रात्र. कौलांवर पाऊस. मोबाइलच्या उजेडात एक चेहरा.)

टॉम सिडेल यांचं ‘गनरक्रिग कोर्ट’ हे वेबकॉमिक २००५ साली सुरू झालं. अँटिमनी नावाची मुलगी एका अवाढव्य, गूढ शाळेत येते आणि एक दिवस तिच्या लक्षात येतं, आपल्याला दोन सावल्या आहेत! त्या जादा सावलीला नदीपलीकडच्या रानात परत जायचंय. मग ही पोर सुट्या भागांतून एक रोबोट जोडते, सावलीला सोडून यायला.

सुरुवातीची चित्रं बघा. डोकी मोठाली, अंगं काटकुळी, हात अजून चाचपडतोय. पावसाने घरात डांबलं होतं तेव्हा मी रात्रीमागून रात्री वाचत गेलो. प्रकरणं सरत गेली तशी रेषा मोकळी झाली, रंग खोल गेले, चेहऱ्यांना वय आलं. एक चित्रकार माझ्या डोळ्यांदेखत घडला. मग मी पुन्हा पहिल्या पानाकडे गेलो. ते कच्चं पान आता जवळच्या माणसाच्या लहानपणीच्या फोटोसारखं वाटलं.

आमच्या गोव्यातल्या लोटलीच्या व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी तरुणपणी रोजनिशी चित्रांतून लिहिली. तिची पानं उलटतानाही असंच होतं: ओळखीची रेषा, पण कोवळी.

(दृश्य: मिरामारचा किनारा. ओहोटी. वाळूत अर्धा किल्ला.)

आणि २०१३ चा तो उन्हाळा! २५ मार्चला रँडल मन्रो यांच्या ‘एक्सकेसीडी’ या वेबकॉमिकवर ‘टाइम’ नावाची एकच चौकट आली. दोन काडीमाणसं, समुद्रकाठी बसलेली. अर्ध्या तासाने चित्र जरासं बदललं. पुन्हा अर्ध्या तासाने. पुढे तासातासाने. ती दोघं वाळूचा किल्ला रचू लागली. पाणी वाढत होतं. का वाढतंय, ते शोधायला दोघं निघाली, आणि त्यांच्या मागोमाग जगभरचे वाचक. रात्रीच्या चौकटींत तारे उगवले, तर वाचकांनी ताऱ्यांच्या जागांवरून कथेचा काळ काढला. हजारो वर्षं पुढचा!

चार महिने, ३,०९९ चौकटी. सुरू झालं तेव्हा इथे काजू पिकत होते. संपलं तेव्हा मांडवी लाल गढूळ झाली होती. पुढल्या वर्षी त्याला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. आज ते सगळं सलग बघता येतं, जरूर बघा. पण जेवता जेवता, ‘आता किल्ल्याला बुरूज आला असेल’ म्हणून फोन उघडणं, ते दिवस मी जपून ठेवलेत.

कोरियातल्या वेबटूनची, म्हणजे फोनवर वाचायच्या वेबकॉमिकची, मजा आणखी वेगळी. पान उभं, अंगठ्याने खाली सरकवायचं. कुणी कड्यावरून पडलं की चित्रकार मध्ये रिकामी जागा सोडतो, नुसती जागा, आणि आपला अंगठा घाबरत घाबरत खाली जातो.

(दृश्य: संध्याकाळ. परतीची फेरी.)

या मे महिन्यात भाची सुट्टीला आली होती. फेरीत तिला अँटिमनीचं पहिलं पान उघडून दिलं.

“मामा, हिचं डोकं केवढं काढलंय!”

“वाच तू.”

चोडण आलं. फळी पडली, गाड्या सुरू झाल्या, मागच्याने हॉर्न दिला. ती जागची हलेना. रोबोट सावलीला घेऊन पुलावर निघाला होता.